एका घोटाचा अभ्यास

हे वाचता वाचता एक आवंढा गिळा. लगेच दुसरा. मग तिसरा. बहुतेकांचं गाडं तिसऱ्या-चौथ्या आवंढ्याशी अडतं. जीभ टाळूला टेकते, घसा तयारीत असतो, पण पुढचं काही घडत नाही, कारण गिळायला तोंडात काही उरलेलंच नसतं. जपानमध्ये याचीच एक चाचणी केली जाते. कंठमण्यावर बोट ठेवायचं आणि ३० सेकंदांत तो किती वेळा वर जाऊन खाली येतो ते मोजायचं. तीनदाही जमलं नाही तर या माणसाच्या गिळण्याकडे नीट पाहायला हवं, असं समजतात. ना यंत्र, ना सुई. एक बोट आणि एक घड्याळ.

एरवी हे काम आपण दिवसातून पाचशे ते सातशे वेळा करतो. जेवताना करतो, बोलताना करतो, झोपेतही अधूनमधून करतो. तोंडात रोज लिटरभर, कधी त्याहूनही जास्त लाळ तयार होते आणि ती सगळी नकळत पोटात जाते. याची सुरुवात तर जन्माच्याही आधी होते. गर्भ तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासूनच भोवतीचं पाणी गिळू लागतो आणि दिवस भरत येतात तेव्हा रोज अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी गिळत असतो. म्हणजे पहिला श्वास घ्यायच्या कितीतरी आधी आपल्याला गिळता येतं.

खरी अडचण जन्मानंतर येते, कारण आता गिळायचंही असतं आणि श्वासही घ्यायचा असतो, आणि दोन्हींचा रस्ता घशात एकमेकांना छेदून जातो. हवा नाकातून मागच्या बाजूने येते आणि पुढच्या श्वासनलिकेत जाते. अन्न तोंडातून पुढच्या बाजूने येतं आणि मागच्या अन्ननलिकेत जातं. प्रत्येक घासाला श्वासनलिकेच्या तोंडावरूनच पलीकडे जावं लागतं. डार्विनलाही याचं नवल वाटलं होतं. १८५९च्या आपल्या ग्रंथात त्याने या विचित्र रचनेचा आणि तिच्यातल्या धोक्याचा मुद्दाम उल्लेख केला आहे.

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं, या तिन्हींचा मेळ बाळाला गर्भावस्थेच्या ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी जन्मलेलं बाळ चोखू शकतं, गिळू शकतं, श्वासही घेऊ शकतं, पण तिन्ही एका तालात घेणं त्याला जड जातं. दूध येत असेल तर बाळ सेकंदाला साधारण एकदा चोखतं, नुसतंच चोखत असेल तर सेकंदाला दोनदा. नवजात बाळांच्या विभागात काम करणाऱ्यांचे कान या लयीला इतके सरावतात की लय चुकली की त्यांचं लक्ष आपोआप तिकडे जातं.

गिळण्याच्या अडचणींवर काम करणारी माणसं बहुधा स्पीच थेरपिस्ट असतात, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. तोतरं बोलणारी मुलं, पक्षाघातानंतर शब्द हरवलेली माणसं, इतपत आपल्याला माहीत असतं. पण बोलायचं सामान आणि गिळायचं सामान एकच आहे: ओठ, जीभ, टाळू, पडजीभ, घसा, स्वरयंत्र. ज्याने हे सामान जवळून ओळखलं त्याच्याकडेच गिळण्याचं काम आलं. ते आलं मात्र फार उशिरा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्या बहुतेक स्पीच थेरपिस्टांनी कॉलेजात गिळण्याचा विषय फारसा शिकलाच नव्हता. जे शिकले ते नोकरीत शिकले, आणि हा विषय असा की त्यात शिकलेलंही पुनःपुन्हा खोडावं लागलं.

त्याचं कारण गिळायला लागणाऱ्या एका सेकंदात आहे.

एका स्पीच थेरपिस्ट मैत्रिणीने मला तिच्या लॅपटॉपवर गिळण्याची एक एक्स-रे फिल्म दाखवली. कुणाची होती ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाजूने दिसणारी मान, मणक्यांची उतरंड, जबड्याची करडी रेषा आणि जिभेवर बेरियम मिसळलेल्या पाण्याचा काळा ठिपका. तिने फिल्म चालू केली. ठिपका क्षणात मागे सरकला, खाली गेला, संपला. ‘काय दिसलं?’ तिने विचारलं. मला काहीच दिसलं नव्हतं. मग तिने तीच फिल्म एकेक चित्र करून पुढे ढकलायला सुरुवात केली.

जीभ टाळूवर पुढून मागे अशी टेकत जाते, पिठाच्या पिशवीतून हवा काढावी तशी. मऊ टाळू उचलला जातो आणि नाकाकडचा रस्ता बंद होतो. हनुवटीखालचं घोड्याच्या नालेसारखं एक हाड वर आणि पुढे झेपावतं आणि आपल्याबरोबर सगळं स्वरयंत्र ओढून जिभेच्या बुडाखाली दडवतं. तेवढ्यात आत तीन बंदोबस्त होतात: स्वररज्जू मिटतात, त्यांच्यावरचा भाग आवळला जातो आणि सगळ्यांवर एक कूर्चेचं झाकण उलटं पडतं. श्वास थांबतो. ठिपका झाकणाच्या दोन्ही बाजूंनी घरंगळतो. तळाशी अन्ननलिकेचं दार असतं आणि ते एरवी कायम बंद असतं.

इथे तिने फिल्म थांबवली. ‘हे दार अन्न ढकलून उघडतं असं वाटतं ना? मुख्यतः ओढून उघडतं.’ दाराचा स्नायू सैल पडतो आणि वर गेलेलं ते हाड त्याला पुढे ओढतं, म्हणून फट पडते. हाड पुरेसं वर गेलं नाही तर दार पुरतं उघडत नाही, मग मागून घशाने कितीही जोर लावला तरी. पाठोपाठ सगळं पूर्ववत होतं आणि श्वास सुरू होतो, बहुतेक वेळा उच्छ्वासानेच. म्हणजे वाटेत चुकून एखादा थेंब राहिलाच असेल तर तो आत ओढला न जाता बाहेर फेकला जावा. मेंदूच्या देठात बसलेली ही कारागिरी तीसच्या आसपास स्नायूंना आणि मेंदूतून निघणाऱ्या पाच-सहा नसांच्या जोड्यांना एका सेकंदात कामाला लावते आणि मोकळं करते. त्यानंतरचा अन्ननलिकेतला प्रवास मात्र निवांत असतो, आठ-दहा सेकंदांचा.

ती फिल्म मी नंतर किती वेळा पाहिली ते मोजलं नाही. दर वेळी आधी न दिसलेलं काहीतरी दिसत होतं.

अशी फिल्म नीट कशी काढायची हे शिकवलं ते प्रामुख्याने शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जेरी लोगमन यांनी. बेरियम पाजून एक्स-रे काढायची पद्धत आधीपासून होती, पण तेव्हा डॉक्टरांचं लक्ष अन्ननलिकेकडे आणि पोटाकडे असायचं, आणि त्यासाठी पेलाभर बेरियम प्यायला देत. ज्याला घोट गिळता येत नाही त्याला पेला देऊन काय कळणार? लोगमन यांनी सुरुवात एका मिलिलिटरने केली. मग तीन, मग पाच. शेवटी बेरियम फासलेला बिस्किटाचा तुकडा, म्हणून या तपासणीला ‘कुकी स्वॅलो’ असंही नाव पडलं. अन्न श्वासनलिकेत गेलं की नाही एवढंच पाहून त्या थांबत नसत. ते का गेलं हे शोधायचं, आणि तिथेच, एक्स-रेखालीच, हनुवटी छातीकडे घ्यायला सांगून किंवा मान एका बाजूला वळवायला सांगून पुढचा घोट नीट जातो का ते पाहायचं. तपासणीतच उपचाराची चाचपणी. १९८३मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि काम करता करता शिकणाऱ्या एका सगळ्या पिढीला हातात धरायला काहीतरी मिळालं.

या फिल्मनी एक भीतीदायक गोष्टही दाखवली. आपल्याला वाटतं, चुकीच्या नळीत काही गेलं की ठसका लागणारच. पण पक्षाघातासारख्या आजारात घशाची संवेदनाच बोथट होते. पाणी स्वररज्जूंच्या खाली उतरतं आणि माणूस शांत बसलेला असतो. ठसका नाही, डोळ्यांत पाणी नाही, आवाजात बदल नाही. खाटेशेजारी उभं राहून कितीही अनुभवी नजरेने पाहिलं तरी हे खात्रीने ओळखता येत नाही.

मग १९८८मध्ये सुसान लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी वाट दाखवली: नाकातून बारीक दुर्बीण घालून वरून थेट घशात डोकवायचं. किरणोत्सर्ग नाही, रुग्णाच्या खाटेपाशी करता येतं, घशात साचलेली लाळसुद्धा दिसते. पण यात एक मोठी गंमत आहे. नेमक्या गिळण्याच्या क्षणी घसा दुर्बिणीच्या डोळ्याभोवती आवळला जातो आणि पडदा पांढराशुभ्र होतो. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तोच क्षण दिसत नाही! त्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय मागे उरलं, यावरून मधलं ओळखायचं. एक्स-रेत तो क्षण दिसतो, पण तिथे किरणांमुळे मिनिटं मोजावी लागतात. म्हणून दोन्ही शिकावं लागतं.

आणि दिसलं म्हणजे सगळ्यांना सारखंच दिसलं असंही नाही. सेकंदाला तीस चित्रं टिपण्याऐवजी पंधराच टिपली तर काही चुका फिल्मवर उमटतच नाहीत. तीस टिपली तरी पाहणारे दोन डोळे वेगळं सांगतात. यावर अमेरिकेतल्या बॉनी मार्टिन-हॅरिस यांनी गिळण्याचे सतरा घटक पाडले, ओठ मिटण्यापासून अन्ननलिका मोकळी होण्यापर्यंत, आणि प्रत्येकाला गुण द्यायची रीत ठरवली. ही रीत शिकायची तर फिल्ममागून फिल्म पाहून गुण द्यायचे आणि ते तज्ज्ञांच्या गुणांशी किमान ८० टक्के जुळेपर्यंत थांबायचं नाही. गाण्यातला षड्ज लागेपर्यंत घोटायचा तसा इथे डोळा घोटायचा.

डोळा तयार होत गेला तशी जुनी समजूत ढासळत गेली. मला या विषयात सर्वांत हलवून गेलेला भाग हाच आहे.

घशात काडी लावली की उमासा येतो का, यावरून माणूस सुरक्षित गिळतो की नाही हे ठरवायची रीत होती. पुढे कळलं की अनेक धडधाकट माणसांनाही असा उमासा येत नाही आणि ती मजेत जेवतात. त्या काडीवरून किती जणांचं जेवण बंद झालं असेल कोण जाणे.

१९९८मध्ये लँगमोर यांचा एक अभ्यास आला. १८९ वृद्धांकडे चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवून त्यांनी पाहिलं की न्यूमोनिया नक्की कुणाला होतो. ज्याचं अन्न चुकीच्या नळीत जातं त्याला, हे उत्तर अपेक्षित होतं. पण तेवढ्याने न्यूमोनिया होत नाही, असं दिसलं. यादीत वर होतं ते वेगळंच: ज्यांना दुसऱ्याच्या हाताने जेवावं लागतं, ज्यांचं तोंड दुसऱ्याला स्वच्छ करावं लागतं, ज्यांचे दात किडलेले आहेत. फुप्फुसाला घातक ठरतात ते तोंडात वाढलेले जंतू, आणि ते लाळेबरोबर खाली उतरतात. म्हणजे दात घासायचा ब्रश हेसुद्धा गिळण्याच्या उपचाराचं हत्यार झालं.

पाण्याची कथा तर याहून नवलाची. आपल्याकडे आजारी माणसासाठी नातेवाईक म्हणतात, ‘बाकी काही नको, निदान घोटभर पाणी तरी द्या.’ पाणी म्हणजे सर्वांत हलकं, सर्वांत निरुपद्रवी. पण पक्षाघाताने घसा मंदावलेल्या माणसाला पाणीच सर्वांत अवघड जातं, कारण ते सर्वांत वेगाने धावतं. झाकण पडायच्या आत दाराशी पोचतं. मऊ खीर जाते, पेज जाते, पाण्याला ठसका. म्हणून पाणी घट्ट करून द्यायची पद्धत पडली. पावडर मिसळून पाकासारखं, मधासारखं. रुग्णाला ते आवडत नाही, आणि तहान तर मुळीच भागल्यासारखी वाटत नाही. १९८४मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरातल्या फ्रेझर पुनर्वसन केंद्रात वेगळा विचार झाला. तोंड स्वच्छ असेल तर थोडं साधं पाणी फुप्फुसात गेलं तरी शरीर ते शोषून घेतं. मग जेवणाच्या वेळा सोडून, दात घासून, बसवून, साधं पाणी का देऊ नये? गिळायला सर्वांत अवघड असलेली वस्तूच फुप्फुसाला सर्वांत सोसवणारी निघाली.

२००८मध्ये लोगमन आणि सहकाऱ्यांनी स्वतःचेच उपाय कसाला लावले. पार्किन्सन्स आणि स्मृतिभ्रंशाच्या ७११ रुग्णांत एक्स-रेखाली मधासारखं घट्ट पेय हनुवटी खाली घेण्यापेक्षा सरस ठरलं. पण ५१५ जणांवर तीन महिने लक्ष ठेवल्यावर न्यूमोनिया टाळण्यात दोन्ही उपायांत ठोस फरक आढळला नाही, आणि घट्ट पेयं घेणाऱ्यांत शरीरातलं पाणी कमी होण्याचं प्रमाण जास्त निघालं. पडद्यावर जिंकलेला उपाय घरी गेल्यावर जिंकतोच असं नाही. ज्यांनी ही पद्धत लोकप्रिय केली त्यांनीच ती तपासायला पुढे यावं, याबद्दल मला फार आदर वाटतो.

मेंदूबद्दलची समजूतही अशीच बदलली. मँचेस्टरच्या शाहीन हमदी यांनी १९९६मध्ये दाखवलं की गिळण्याच्या स्नायूंचा नकाशा मेंदूच्या दोन्ही अर्धांत असतो, पण एका बाजूला मोठा आणि दुसऱ्या बाजूला लहान, आणि मोठी बाजू कोणती याचा माणूस डावरा की उजवा याच्याशी संबंध नसतो. पक्षाघात मोठ्या बाजूला झाला की गिळणं बिघडतं. पुढे ते सुधारतं तेव्हा बहुधा धडधाकट बाजूचा छोटा नकाशा हळूहळू पसरलेला असतो.

अशा विषयात एकदा शिकून पुरत नाही. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेचं प्रमाणपत्र टिकवायला दर तीन वर्षांत ३० तास शिक्षण घ्यावं लागतं. आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी टिकवायला सीआरईचे, म्हणजे निरंतर पुनर्वसन शिक्षणाचे गुण जमवावे लागतात. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, वांद्र्याची अली यावर जंग संस्था अशा ठिकाणी हे शिक्षण चालत आलं आहे. आणि महाराष्ट्रात त्याची निकड वेगळीच आहे. तंबाखू, गुटखा आणि सुपारी यांनी इथे तोंडाचे कर्करोग पोसले आहेत. सुपारीने गालाची आतली कातडी अशी ताठरते की दोन बोटंही तोंडात जात नाहीत. शस्त्रक्रियेत जिभेचा भाग गेलेला, किरणोपचाराने घसा कडक झालेला माणूस जेवायला बसतो तेव्हा त्याला नव्याने गिळायला शिकवावं लागतं. अशा रुग्णांच्या घशाला पूर्वी विश्रांती देत. आता शक्य असेल तोवर उपचार चालू असतानाही गिळत राहायला सांगतात, कारण न वापरलेला स्नायू फार लवकर विसरतो.

मला एका प्रशिक्षण वर्गात मागे बसायची परवानगी मिळाली होती. टेबलावर यंत्रं असतील अशी माझी कल्पना. होते ते काटे-चमचे, दहा मिलिलिटरच्या सिरिंजा आणि डबे. २०१५मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून खाण्यापिण्याच्या घट्टपणाची शून्य ते सात अशी एकच मोजपट्टी ठरवली, ‘इडसी’ नावाची. ती मोजायला लागतं ते एवढंच. सिरिंजचं तोंड बोटाने दाबायचं, दहापर्यंत पेय भरायचं, बोट काढायचं आणि दहा सेकंदांनी पुन्हा दाबायचं. पाणी सगळं वाहून जातं: पायरी शून्य. एक ते चार मिलिलिटर उरलं तर पायरी एक, चार ते आठ उरलं तर दोन. सिरिंजसुद्धा कुठलीही चालत नाही. तिच्यावरची शून्य ते दहाची पट्टी ६१.५ मिलिमीटर लांब हवी. काट्याच्या दोन दातांमधली फट साधारण चार मिलिमीटर, चार दातांची रुंदी पंधरा. मोठ्या माणसासाठी मऊ घासाचा तुकडा याहून मोठा नको, कारण पंधरा मिलिमीटरचा तुकडा मोठ्या माणसाच्या श्वासनलिकेच्या रुंदीपेक्षा लहान असतो. काटा अंगठ्याने इतका दाबायचा की नख पांढरं पडावं. त्याखाली घास चेपला गेला आणि काटा उचलल्यावर परत फुगला नाही, तर जीभही त्याला चेपू शकते.

डब्यांतून मग आपलं स्वयंपाकघर निघालं. ताक सिरिंजमधून धो धो वाहिलं. नाचणीच्या आंबिलीवर दोन गटांत वाद झाला, कारण एकीची गार झाल्यावर घट्ट झाली होती. गुरगुट्या भात काट्याखाली छान बसला. पातळ वरणातला मोकळा भात मात्र सगळ्यांनी बाजूला ठेवला: शितं चावेपर्यंत वरण पुढे पळतं, एका घासात दोन वेग. कलिंगडाचंही तसंच, चावलं की फोडीतून पाणी सुटतं. पोह्याची भुरभुर, बेसनाच्या लाडवाचा टाळूला चिकटणारा घास, दुधात भिजलेल्या भाकरीचा न भिजलेला पापुद्रा, सगळ्यांची झडती झाली.

शेवटचा प्रयोग सर्वांत साधा होता. जोड्या केल्या. एकाने हात मांडीवर ठेवून बसायचं, दुसऱ्याने त्याला दही भरवायचं, बोलायचं नाही. भरवणारे सगळे उभे होते, आपण एरवी भरवतो तसे. चमचा वरून यायचा, बसलेला तो पकडायला हनुवटी वर उचलायचा, मान मागे जायची आणि वर्गात आधी एक्स-रेवर ज्या पवित्र्याची भीती दाखवली होती तोच पवित्रा खोलीभर उमटला. दुसरा चमचा पहिला गिळायच्या आतच येत होता. एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, ‘मला थांब म्हणता येत नाहीये.’

शिकवणाऱ्या बाईंनी कुणाला काही सुनावलं नाही. कोपऱ्यात स्टुलं रचून ठेवली होती, तिकडे बोट दाखवलं. भरवणाऱ्यांनी ती ओढून घेतली, समोर बसले, चमचा खाली घेतला आणि समोरच्याचा कंठमणी वर जाऊन खाली येईपर्यंत पाहत राहिले.